उदाहरण क्रमांक चौदा

चेंडू पंचसाहेबांच्या घोट्यावर येऊन आदळला, तेव्हा ते छापखान्याच्या मागच्या अंगणातून चालले होते आणि मनातल्या मनात स्वल्पविरामांचा विचार करत होते. चेंडू तरी कसला, रद्दी कागदाचा गोळा करून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पण वय सत्तरीपलीकडे गेलं की घोटा असल्या बारकाव्यांत शिरत नाही. जेवणाच्या सुट्टीत छापखान्यातली मंडळी तिथे बेसबॉल खेळत. बॅट म्हणून टेबलाचा मोडका पाय, बेस म्हणून पुठ्ठ्याचे चार तुकडे, आणि नियम म्हणून ज्याचा घसा मोठा त्याचं म्हणणं. मशीनमनने चेंडू जमिनीलगत सणसणीत मारला होता. तो अडवायला बायंडर आडवा झाला, चेंडू त्याच्या हातापासून निसटला, दुसऱ्या पुठ्ठ्याकडून तिसऱ्याकडे धावत निघालेल्या जाडजूड कारकुनाच्या पोटरीवर आपटला आणि तिथून उडून पंचसाहेबांपर्यंत आला. कोणी माफी मागायच्या आत भांडण सुरू झालं. मारलेला चेंडू अंगाला लागला म्हणजे धावणारा बाद, असं अर्धं अंगण म्हणत होतं. उरलेलं अर्धं अंगण कारकुनाच्या बाजूने खेळत असल्यामुळे तसं म्हणत नव्हतं. मग कोणीतरी पंचसाहेबांना ओळखलं. अरे, हे तर बेसबॉल संघटनेचे साहेब, नियमांचं पुस्तकच ह्यांचं, आपल्या मशीनवर चढायचंय ते. सगळे त्यांच्याकडे वळले. घोटा चोळता चोळता पंचसाहेबांचा उजवा हात सवयीने आडवा झाला.

"नाबाद," ते म्हणाले. "चेंडू आधी ह्यांच्या बोटांना लागला. क्षेत्ररक्षकाला लागून आलेला चेंडू धावणाऱ्याच्या अंगाला लागला, तर तो बाद होत नाही. खेळ चालू."

बायंडरने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली, जणू त्यांची साक्ष काढतोय. "लागला खरा," तो म्हणाला. "पण अगदी निसटता. तुम्हाला तिथून दिसलं?"

"दिसलं नाही. ऐकलं."

एवढं बोलून पंचसाहेब छापखान्यात शिरले आणि पहिल्याच स्टुलावर बसले. घोट्यामुळे बसले असं सगळ्यांना वाटलं. कातरकामाच्या मशीनवरच्या बाईंनी पाणी आणून दिलं. घोट्याचं काही नव्हतं. 'ऐकलं' हा साधा तीन अक्षरांचा शब्द अडतीस वर्षं त्यांनी ह्या बाबतीत तोंडातून बाहेर पडू दिला नव्हता. आज एका कागदाच्या गोळ्यासाठी, ज्याचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं अशा एका कारकुनासाठी, तो सहज, तोंडातून बडीशेपेचा दाणा पडावा तसा पडला होता.

छापखान्याच्या मॅनेजरने प्रुफं पुढ्यात ठेवली. 'नियम आणि निवाडे', आवृत्ती आठवी. नवे पंच तयार व्हायचे ते ह्याच पुस्तिकेवर. परीक्षेत हमखास येणारं पान बाविसावं, आणि त्यावरचं हमखास येणारं उदाहरण चौदावं: 'अखेरचा डाव, दोन गडी बाद. दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर धावणारे. बॅटरने मारलेला चेंडू कोणाही क्षेत्ररक्षकाला स्पर्श न करता व त्यास ओलांडून न जाता, दुसऱ्या बेसवरून निघालेल्या धावणाऱ्याच्या गुडघ्यास लागला. निर्णय: धावणारा बाद. सामना समाप्त.' खाली आकृती होती. चौकोनी मैदान, चेंडूच्या मार्गाची तुटक रेघ, आणि रेघेच्या टोकाला एक काळा ठिपका. त्या ठिपक्याला आकृतीत 'ध' असं नाव होतं. घरी त्याला धाकटा म्हणत. शेवटच्या पानावर शिक्का होता, 'मजकूर तपासला, बरोबर आहे', आणि त्याखाली सहीसाठी रिकामी जागा. मॅनेजरने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. त्याला पाच वाजता मशीन चालू करायचं होतं. सात आवृत्त्यांत सात वेळा पंचसाहेबांनी ह्या शिक्क्याखाली सही केली होती, एकदा तर उभ्याउभ्या. आज त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं, स्वल्पविराम नीट बघायला हवेत असं सांगितलं, प्रुफं पिशवीत घातली आणि पाचच्या आत आणून देतो म्हणून बाहेर पडले. मॅनेजर त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. स्वल्पविरामांसाठी माणूस प्रुफं घेऊन बस पकडतो, हे त्याच्या नोकरीत नवीन होतं.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. समोरच्या सीटच्या पाठीवर कोणीतरी किल्लीने एक बाण आणि हृदय कोरलं होतं आणि हृदयाचा एक भाग कमी पडला होता. पंचसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. अडतीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी पंच म्हणून ते यायचेच नव्हते. अंतिम सामना, वीजकंपनीचा संघ विरुद्ध पेठेतल्या पोरांचा क्लब, आणि नेमलेल्या पंचाचं सकाळपासून पोट बिघडलेलं. बेसवर उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं. क्लबाच्या संघात धाकटा होता, वय सव्वीस, हातात पदवी आणि त्या पदवीचं काय करायचं ह्याचा पत्ता नाही. वीजकंपनीच्या मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं की क्लब जिंकला तर त्यातल्या तिघांना कंपनीत कायम घेऊ. मोठे साहेब असं बोलतात ते आपला संघ हरणार नाही ह्या खात्रीने, पण शब्द तो शब्द, आणि तिघांत धाकट्याचं नाव पहिलं होतं. सामन्याआधी वीजकंपनीचा मॅनेजर हसत हसत म्हणाला, भाऊच पंच म्हटल्यावर आम्ही कपडे कशाला मळवायचे. लोक हसले. पंचसाहेबही हसले, आणि मग छाती थोडी पुढे काढून म्हणाले की मैदानात मला भाऊ नाही. वाक्याला टाळ्या पडल्या. आयुष्यात त्यांच्या वाक्याला टाळ्या पडण्याची ती पहिली वेळ. दिवसा ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, दुकानादुकानांतून तराजूचे काटे तपासत हिंडत, आणि त्या कामात कोणी टाळ्या वाजवत नाही. टाळ्यांची एक वाईट खोड असते, त्या संपल्यावरही कानात वाजत राहतात. शेवटच्या डावापर्यंत त्या वाजत होत्या. क्लब एका धावेने मागे. तिसऱ्या बेसवर क्लबाचा एक, दुसऱ्यावर धाकटा. दोघं घरच्या बेसला पोचले की सामना खिशात. पंचसाहेब चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या मागे, मैदानाच्या तिसऱ्या बेसकडच्या अंगाला उभे. बॅटरने मारला, चेंडू त्यांच्या डाव्या हाताने जमीन घासत गेला, ते वळले. वीजकंपनीचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला राखणदार, अंग झोकून आडवा पडला. धूळ उडाली. आणि त्या धुळीतून आवाज आला, टक्. चामड्याच्या टोकाला चेंडू चाटून गेल्याचा. दाराच्या कडीला नखाने टिचकी मारावी एवढाच. त्यानंतर चेंडू धाकट्याला लागला आणि बाजूला, जिथे कोणी नव्हतं अशा मोकळ्या गवतात, निघून गेला.

ह्यापुढचं ते स्वतःला कितीतरी वेळा सांगून बसले होते आणि दर वेळी थोडं वेगळं सांगत. कधी ते म्हणत की हात आधी वर गेला, आवाज मागून समजला. कधी म्हणत, आवाज आला पण तो चेंडूचा कशावरून, खडा असेल, कोणाच्या बुटाची टाच असेल. तराजूच्या धंद्यात त्यांना ठाऊक होतं की काटा ज्या बाजूला झुकायचा त्या बाजूला झुकतो, त्याला कोणी विचारत नाही तुझा भाऊ कोण. पण काट्याला टाळ्या ऐकू येत नाहीत. खरं इतकंच होतं की आवाज आला तेव्हा हात खांद्याच्या वर गेलेला नव्हता. कोपरापाशी होता. कोपरापासून खाली आणता आला असता. आडवा करून नाबाद म्हणता आलं असतं, मग दोघं घरी पोचले असते, आणि वीजकंपनीचा मॅनेजर तेच म्हणाला असता जे त्याने सामन्याआधी म्हटलं होतं, फक्त ह्या वेळी न हसता. हे सगळं कोपर आणि खांदा ह्यांच्यामधल्या वीतभर अंतरात त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. एवढ्याशा वेळात माणूस इतका विचार करू शकतो ह्याचं त्यांना नंतर आश्चर्य वाटायचं, कारण एरवी साधी चप्पल घ्यायची तरी ते दोन दिवस लावत. हात वर गेला. क्लबाची पोरं अंगावर धावून आली. धाकट्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, मग पोरांच्या आडवा येऊन त्यांना काहीतरी समजावलं. पोरं थांबली आणि विचित्र नजरेने पंचसाहेबांच्या डोक्याच्या डाव्या बाजूकडे बघू लागली. कॅप्टन तर जवळ येऊन मोठ्याने ओरडला, "ठीक आहे साहेब, तुमची चूक नाही!" पंचसाहेबांनी ते टोमणा म्हणून घेतलं. संध्याकाळी संघटनेच्या चिटणीसांनी निःपक्षपातीपणावर भाषण केलं आणि त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते अजून चालतं, दिवसाला सात मिनिटं पुढे. महिन्याभरात ते नियमसमितीवर गेले, वर्षभरात उदाहरणं लिहायला बसले, आणि चौदाव्याला आल्यावर त्यांनी शांतपणे लिहिलं, 'कोणाही क्षेत्ररक्षकाला स्पर्श न करता'. खोटं बोलायला माणसाला तोंड लागतं, त्यात तोंड सुकतं, जीभ अडखळते. लिहायला नुसता हात लागतो, आणि त्यांच्या हाताला सवय झाली होती.

धाकटा बाटल्यांच्या कारखान्यात लागला. पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या बाटल्या उजेडासमोर धरून तडा आहे का बघायचा, चौतीस वर्षं. तासाला हजारो बाटल्या एकमेकींवर आपटत जायच्या, आणि त्यांनी सावकाश, कोणतीही घाई न करता, त्याचे दोन्ही कान खाल्ले. आता त्याच्याशी बोलायचं तर ओरडून. श्रवणयंत्र होतं, पण ते कपाटाच्या खणात होतं, कारण ते लावलं की घरचा पंखाही कारखान्यासारखा वाजतो असं त्याचं म्हणणं. भावजय दिवसभर ओरडत असायची, आणि पंचसाहेब भेटायला गेले की त्यांच्याशीही ओरडूनच बोलायची. तोंडाला सवय लागली बिचारीच्या, असं ते समजून चालले होते. तसं पाहिलं तर नातेवाइकांत सगळेच त्यांच्याशी जरा चढ्या आवाजात बोलत, त्यांना नेहमी डावीकडच्या टोकाच्या खुर्चीत नेऊन बसवत, म्हणजे सगळी माणसं त्यांच्या उजव्या हाताला यायची. पंचसाहेबांना वाटे, हा पंचाचा मान. आईनेसुद्धा उतारवयात एकदा वाटीत तेल कोमट करून आणलं होतं आणि 'वळ जरा' म्हणत त्यांच्या डाव्या कानात दोन थेंब सोडले होते, त्यांच्या पस्तिसाव्या वर्षी. लहानपणी तो कान वाहायचा, पण आठव्या वर्षी बरा झाला होता. त्यांना ती आईची माया वाटली आणि ते मुकाट मान कलती करून बसले. फक्त बायको, होती तोवर, त्यांच्याशी हळू बोलायची. तुम्हाला ऐकू सगळं येतं, ती म्हणायची, दाखवायचं किती ते तुम्ही ठरवता. ती हे भाजी आणायच्या संदर्भात म्हणायची. सहा वर्षांपूर्वी ती गेल्यावर त्यांना हे वाक्य भाजीशिवायही आठवू लागलं.

तिसऱ्या मजल्यावर भावजयीने दार उघडलं आणि त्यांच्या कानापाशी येऊन, दादा, आज कसे काय वाट चुकलात, असं जिन्यातल्या सगळ्या मजल्यांना विचारलं. धाकटा खिडकीजवळ बसला होता. त्याने भावासाठी पाण्याचा ग्लास घेतला, भरायच्या आधी उजेडासमोर धरून फिरवून पाहिला, आणि मग भरला. रिकामी काच तो तशीच कधी खाली ठेवत नसे. पंचसाहेबांनी प्रुफं पिशवीतून काढून मांडीवर घेतली. बसमध्ये त्यांनी वाक्य तयार केलं होतं. चांगलं वाक्य होतं, त्यात 'प्रांजळपणे' असा शब्द होता, आणि ते हळू आवाजात, थोडं खिडकीबाहेर बघत म्हणायचं होतं. त्यांनी ते तसं म्हटलं. धाकट्याने हात कानामागे नेला आणि मोठ्याने, अशी खूण केली. त्यांनी पुन्हा, जरा चढवून म्हटलं. भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली की अजून मोठ्याने, दादा, आज त्यांचं डोकं जड आहे. समोरच्या इमारतीत एक गृहस्थ खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते, त्यांचा झारा थांबला. माफी मागायचीच तर माणसाने ती कुजबुजत मागावी, अशी निदान सोय असायला हवी होती. पंचसाहेब उठून उभे राहिले. 'प्रांजळपणे' गळून पडलं. बाजारात भाव सांगतात तशा आवाजात ते म्हणाले:

"मी ऐकलं होतं. चेंडू त्याच्या ग्लोव्हला लागल्याचं. मी तेव्हाच ऐकलं होतं."

समोरच्या खिडकीतला झारा कुंडीबाहेर सांडू लागला. धाकट्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याने भावाच्या हातातला अर्धा ग्लास काढून घेतला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि बहिऱ्या माणसाच्या सपाट, एकसारख्या आवाजात विचारलं, "कुठल्या कानाने?"

पंचसाहेबांना प्रश्न कळला नाही. त्यांनी नकळत हात डाव्या कानाकडे नेला.

"मलाही ऐकू आला होता तो," धाकटा म्हणाला. "तेव्हा माझे कान चांगले होते."

"मग तू बोलला का नाहीस?"

ओठांवरून त्याने ते वाचलं असावं. "पोरं तुला मारायला निघाली होती. मी म्हटलं, थांबा, दादाचा डावा कान लहानपणापासून अधू आहे, तो कोणाला सांगत नाही, त्याला ऐकूच आलं नसणार. त्यांना पटलं." त्याने कट्ट्यावरचा ग्लास जरा आत सरकवला. "मग मलाही पटलं. घरी आईला सांगितलं. ती रडली, म्हणाली माझंच चुकलं, पोराचं औषध मध्येच थांबवलं. मग सगळ्यांनाच सांगून टाकलं, म्हणजे तुझ्याशी जरा मोठ्याने बोलतील."

पंचसाहेबांच्या डोळ्यांपुढे खुर्च्या आल्या, वर्षानुवर्षांच्या, प्रत्येक घरातली डावीकडची टोकाची खुर्ची. वाटीतलं कोमट तेल आलं. कॅप्टनचा ओरडणारा चेहरा आला, आणि त्यात टोमणा कुठेच नव्हता. ह्या माणसाने त्यांच्यासाठी एक बहिरा कान तयार केला होता आणि तो आई, मावश्या, मेहुणे, पुतणे अशा सगळ्यांकडून नीट सांभाळून घेतला होता. स्वतःचे दोन गेले त्याचा त्याने असा गवगवा केला नव्हता. पंचसाहेबांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ते ओरडून म्हणण्यासारखं नव्हतं.

"अडतीस वर्षं चांगलं चाललं होतं रे ते," धाकटा म्हणाला. त्यात राग नव्हता. बाटलीला तडा सापडला की ती पट्ट्यावरून उचलून बाजूला ठेवतात, तेवढंच होतं.

मग त्याने हात पुढे केला आणि प्रुफं मागितली. चष्मा लावून पान बावीस वाचलं, बोटाने ओळीखाली रेघ ओढत, सावकाश. आकृतीतल्या ठिपक्यावर बोट थोडा वेळ थांबलं. "हा मी?" त्याने विचारलं. पंचसाहेबांनी मान हलवली. "गुडघा लिहिलायस. टाचेला लागला होता." पंचसाहेबांनी खिशातून पेन काढलं. त्यांनी 'गुडघ्यास' खोडून 'टाचेस' केलं. मग 'कोणाही क्षेत्ररक्षकाला स्पर्श न करता व त्यास ओलांडून न जाता' ही आख्खी ओळ खोडली आणि तिच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हला स्पर्श करून'. 'बाद'वर काट मारून 'नाबाद' लिहिलं. 'सामना समाप्त' खोडून काय लिहायचं ते त्यांना सुचेना. 'खेळ चालू' लिहायला हवं होतं, नियम तोच होता. पेन तिथे टेकलेलं राहिलं आणि कागदावर शाईचा एक दुसरा ठिपका हळूहळू पसरत गेला. धाकटा तोवर खिडकीबाहेर बघू लागला होता. समोरचे गृहस्थ झारा घेऊन आत गेले होते.

भावजय चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. न ऐकून जाते कुठे, तिच्या घराच्या भिंती होत्याच केवढ्या. ती ह्या घरात आली तेव्हा तिला सांगितलेल्या पहिल्या गोष्टींत मोठ्या दिरांचा कान होता, आणि छत्तीस वर्षं तिने तो पाळला होता, अगदी ताप असला, घसा बसलेला असला तरी. तिने नवऱ्याचा कप त्याच्यासमोर ठेवला. मग ती पंचसाहेबांच्या डाव्या बाजूला येऊन थांबली.

"साखर एकच चमचा घातलीय," ती म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की धाकट्याने मानही वळवली नाही. घोगरा, थोडा थकलेला, मऊ आवाज होता तिचा. पंचसाहेबांना तो माहीतच नव्हता. त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं.